पेरा पॅलेसची लिफ्ट आणि बाबा : इस्तंबूलच्या जुन्या हॉटेलात एक रात्र

रानजाई

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. काल बाबांनीच विचारलं, "लिहिलंस का गं ते?" म्हणून आज बसलेच.

२०२३ च्या मार्चमध्ये आई गेली. वर्षाच्या आत सण करायचा नाही, त्यामुळे त्या दिवाळीला घरात कंदील नाही, पणती नाही, कढईसुद्धा चढणार नाही. शेजारचे फराळाचे डबे आणून देतील आणि बाबा ते टेबलावर ठेवून नुसते बघत बसतील, हे मला गणपतीपासूनच डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हणून मी आणि नवऱ्यानं ठरवलं, दिवाळीच्या आठवड्यात बाबांना घेऊन घराबाहेर पडायचं. जायचं कुठे, हे आईच ठरवून गेली होती.

बाबा लिफ्टवाले. फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, चर्चगेट इथल्या जुन्या इमारतींमधल्या लिफ्टच्या देखभालीत त्यांची छत्तीस वर्षं गेली. जाळीचे सरकते दरवाजे, पितळी हँडल, लिफ्टमनचं स्टूल, गच्चीवरची मशीन रूम आणि तिथला ग्रीसचा वास. आम्ही स्वतः मात्र गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून. आई आजारी असताना संध्याकाळी वेळ जावा म्हणून मी मोबाइलवर काहीबाही दाखवायची. त्यात एकदा इस्तंबूलच्या पेरा पॅलेस हॉटेलातल्या लिफ्टचा व्हिडिओ लागला. बाबांनी तो चार वेळा पाहिला. आई पडल्या पडल्या म्हणाली, "नुसतं बघत काय बसलात? एकदा जाऊन बसून या तिच्यात."

तर आम्ही गेलो. सात दिवस इस्तंबूल. त्यातल्या पाच रात्री सिर्केजी स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात आणि वसुबारसेची एक रात्र पेरा पॅलेसमध्ये. त्या एका रात्रीला जवळपास उरलेल्या पाच रात्रींइतके पैसे पडले, हे आधीच सांगून टाकते.

हॉटेलची गोष्ट सुरू होते ती सिर्केजी स्टेशनातच. १८८३ साली पॅरिसहून ओरिएंट एक्सप्रेस निघाली ती बेल्जियमच्या जॉर्ज नागेलमाकर्स यांच्या कंपनीची. सुरुवातीला प्रवाशांना शेवटचा टप्पा बोटीनं करावा लागे; १८८९ पासून गाडी थेट इस्तंबूलपर्यंत यायला लागली आणि १८९० मध्ये सिर्केजीचं आजचं स्टेशन उभं राहिलं. आता एवढ्या थाटाच्या गाडीतून उतरणाऱ्या माणसांना उतरायला तशाच थाटाची जागा हवी. ती म्हणजे पेरा पॅलेस. बांधकाम १८९२ साली सुरू झालं, उद्घाटनाचा बॉल १८९५ मध्ये झाला. वास्तुविशारद अलेक्सांद्र व्हालोरी. इस्तंबूलचं पुरातत्त्व संग्रहालयही त्यांचंच.

स्टेशनातून हॉटेलवर श्रीमंत प्रवाशांना चक्क मेण्यात बसवून नेत. तो मेणा अजून लॉबीत ठेवलाय. आम्ही तो रस्ता मुद्दाम चालत केला, म्हणजे गलाता पुलापर्यंत चालत आणि पुढचा चढ ट्युनेलनं. ट्युनेल ही १८७५ सालची, कराक्यॉयहून वर, हॉटेल आहे त्या बेयोलू भागात नेणारी जमिनीखालची छोटी गाडी. अंतर जेमतेम ५७३ मीटर, पण चढ असा की मेणा उचलणाऱ्या भोयांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बाबा तिच्यातून उतरून मागे वळून म्हणाले, "ही पण लिफ्टच की. तिरकी घातलेली."

आणि मग ती लिफ्ट. संगमरवरी जिना तिच्या भोवतीनं वळत वर जातो आणि मधोमध ओतीव लोखंडाच्या नाजूक वेलबुट्टीचा पिंजरा. तुर्कस्तानातली विजेवर चालणारी पहिली लिफ्ट. त्या काळी सुलतानाचे राजवाडे सोडले तर वीज असलेली तिथली ही पहिली इमारत. शहरासाठीचं सिलाहतारआचं वीजकेंद्र सुरू झालं १९१४ मध्ये, म्हणजे हॉटेल सुरू झाल्यावर जवळपास वीस वर्षांनी. नळाला गरम पाणी हीसुद्धा तेव्हा अपूर्वाईच.

मला वाटलं होतं बाबा आधी आत बसतील. ते बसलेच नाहीत. आधी जाळीतून वर पाहिलं, मग बाजूला सरकून गाइड रेल, म्हणजे लिफ्ट ज्यांच्या आधारानं सरकते ते रूळ, पाहिले, मग वाकून खाली खड्ड्यात डोकावायचा प्रयत्न केला. दरवाजाशी उभ्या असलेल्या मुलाला काय वाटलं असेल कोण जाणे, पण तो शांतपणे थांबला. दुसरं एक जोडपं आत बसून वर गेलं तेव्हा बाबांनी तळहात जाळीवर ठेवला आणि डोळे मिटले. लिफ्ट वर जाऊन थांबेपर्यंत तसेच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "धक्का नाही. कोणीतरी मनापासून बघतंय हिच्याकडे."

मग आम्ही बसलो. आत लाकूड, छोटं बाक, हळू हळू वर जाणारी केबिन आणि जाळीतून एकेक मजल्याचा जिना खाली सरकताना दिसतो. आजच्या लिफ्टमध्ये आपण आकडे बघत बसतो. इथे घर बघत वर जातो. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचा हात माझ्या हातात होता, एवढंच.

खोली सुंदर होती. उंच छत, जड पडदे, खिडकीतून खाली हालिचचं पाणी, म्हणजे आपण ज्याला गोल्डन हॉर्न म्हणतो ते, आणि पलीकडच्या टेकड्यांवर मशिदींचे मिनार. पण खोलीत आम्ही झोपण्यापुरतेच होतो. बाकीचा वेळ लॉबी, जिना, आणि तो घुमटांचा दिवाणखाना. त्याला कुब्बेली सालोन म्हणतात. सहा घुमट, त्यांत निळसर हिरव्या काचा, खाली पियानो आणि दुपारचा चहा. बाहेर पाऊस होता. आत त्या काचांतून येणारा उजेड बाबांच्या पांढऱ्या केसांवर पडला होता आणि ते बशीतून चहा प्यावा की नको या विचारात होते. मी म्हटलं, प्या. प्याले.

जाऊन आलेल्यांनी, न गेलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. विचारायचं असेल तर विचारा, मला माहीत आहे तेवढं सांगते.

कुंदा_जोशी

डोळे भरून आले गं. "कोणीतरी मनापासून बघतंय हिच्याकडे" हे वाक्य मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. बाबांना नमस्कार सांग.

एक प्रश्न. आम्ही एका टूरबरोबर जाणार आहोत, हॉटेल बदलता येणार नाही. नुसतं आत जाऊन बघता येतं का? की बाहेरूनच हाकलतात?

रानजाई

कुंदाताई, हाकलत बिकलत नाहीत. कुब्बेली सालोनमधला दुपारचा चहा बाहेरच्यांनाही मिळतो, फक्त आधी जागा सांगून ठेवा. स्वस्त नाही, पण राहण्यापेक्षा कितीतरी कमी. रस्त्याच्या बाजूला त्यांचं पेस्ट्रीचं छोटं दुकान आहे, तिथे कॉफी आणि एक तुकडा केक घेतलात तरी आतल्या वातावरणाचा अंदाज येतो. आणि १०१ नंबरची खोली तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांचं संग्रहालय म्हणून जपलीय, ती दिवसातून ठरावीक वेळीच उघडतात. ती वेळ विचारून त्याप्रमाणे चहा ठरवा.

हेरंब_फोर्ट

फार सुंदर लेख. मुंबईच्या बाजूनं थोडी भर घालतो, कारण हे वाचताना सारखा ताज डोळ्यांसमोर येत होता.

ताज उघडला १६ डिसेंबर १९०३ ला, पेरा पॅलेसनंतर आठ वर्षांनी. दोन्हींची जातकुळी एकच: बंदराचं शहर, लांबून येणारे प्रवासी, आणि त्यांना दाखवायचं की आम्ही कुणापेक्षा कमी नाही. ताजलाही सुरुवातीपासून विजेचे दिवे आणि लिफ्ट होत्या. मुंबईत विजेची ट्राम आली १९०७ मध्ये, त्यावरून कल्पना करा. जमशेटजींनी जगभर हिंडून सामान आणलं: लिफ्ट जर्मनीच्या, पंखे अमेरिकेचे, आणि गंमत म्हणजे स्नानगृहं तुर्की धर्तीची.

आणि इथल्या प्रत्येकाला ठाऊक असावं असं एक नाव: सीताराम खंडेराव वैद्य. ताजचा मूळ आराखडा त्यांचा आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरं व्हायच्या आत वैद्य वारले आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदानं पूर्ण केलं. इमारत उलटी बांधली गेली आणि म्हणून वास्तुविशारदानं जीव दिला, ही गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. ती साफ खोटी आहे. तोंड शहराकडे ठेवलं ते विचारपूर्वक, घोडागाड्या त्या बाजूनं येत आणि समुद्राकडच्या खोल्या मोकळ्या राहत. एका मराठी माणसाच्या कामाची ओळख अशा खोट्या गोष्टीनं होते याचं मला फार वाईट वाटतं. जिथे संधी मिळेल तिथे मी हे सांगतो.

यंत्रवेडा

लेख आवडला. मी कुठेतरी ऐकलं होतं की पेरा पॅलेसची लिफ्ट ही आयफेल टॉवरनंतरची युरोपातली दुसरी विजेची लिफ्ट. तसं असेल तर बाबांनी खरंच इतिहासावर हात ठेवला म्हणायचं.

रानजाई

यंत्रवेडा, हे मीही बाबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली. आयफेल टॉवरच्या १८८९ च्या लिफ्ट पाण्याच्या दाबावर चालायच्या, विजेवर नव्हे. आणि विजेवरची पहिली लिफ्ट वेर्नर फोन सीमेन्स यांनी १८८० मध्येच जर्मनीत मानहाइमच्या प्रदर्शनात चालवून दाखवली होती. म्हणजे "युरोपातली दुसरी" काही ती नाही. बाबांचं म्हणणं, "पहिली-दुसरी कशाला हवी? सव्वाशे वर्षं चढउतार करतेय, तेवढं पुरे आहे."

यंत्रवेडा

बाबांना साष्टांग. खात्री न करता लिहिलं, चूक मान्य. पिंजरा जुना, पण दोर, ब्रेक, मोटर नवीन असणार ना?

रानजाई

हो, २००६ ते २०१० या काळात हॉटेल बंद ठेवून पूर्ण दुरुस्ती झाली. बाबांनी पाहताक्षणी सांगितलं की हालचाल नव्या मोटरची आहे. "म्हातारीला नवं काळीज बसवलंय" असे त्यांचे शब्द. त्यांना ते पटलं. त्यांच्या मते जुनी लिफ्ट जपायची तर माणसाचा जीव धोक्यात न घालता, नाहीतर ती बंद ठेवून काचेत ठेवावी.

मुग्धा_बॉस्फरस

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं इस्तंबूलला आहे, आशियाच्या बाजूला राहते. धागा बघून फार आनंद झाला. पेरा पॅलेसच्या आणखी दोन-तीन गोष्टी.

४११ नंबरची खोली रहस्यकथालेखिका ॲगाथा ख्रिस्तींच्या नावानं आहे आणि तिच्याबद्दल किल्लीची, हरवलेल्या डायरीची बरीच रंगवून सांगितलेली कथा ऐकायला मिळते. ऐकायला मजा येते, पण तिच्यामागे ठोस पुरावा नाही. त्यापेक्षा ज्या गोष्टी खरोखर घडल्या त्या कमी सांगितल्या जातात. ११ मार्च १९४१ ला बल्गेरियातल्या सोफियाहून निघालेले ब्रिटिश राजदूत जॉर्ज रेंडेल हॉटेलात उतरत होते. त्यांच्या सामानातल्या बॅगेत बाँब होता, तो लॉबीत फुटला. रेंडेल वाचले, पण काही माणसं जागीच गेली. आज जिथे आपण दाराशी छत्री ठेवतो तिथे हे घडलंय. दुसऱ्या महायुद्धात तुर्कस्तान शेवटपर्यंत जवळपास तटस्थ राहिला, त्यामुळे दोन्ही बाजूंचे हेर याच हॉटेलांमधून वावरत.

रानजाई, तुम्ही ९-१० नोव्हेंबरला तिथे होतात का? वसुबारस ९ तारखेला होती ना त्या वर्षी? मग तुम्ही सकाळी ९:०५ ला कुठे होतात?

रानजाई

मुग्धा, हे मी मुद्दाम लेखात लिहिलं नव्हतं, कारण नीट जमेल असं वाटत नव्हतं. तू विचारलंस तर प्रयत्न करते.

आम्हाला १० नोव्हेंबरचं महत्त्व माहीत नव्हतं. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला तुर्की प्रजासत्ताकाला शंभर वर्षं झाली होती, त्यामुळे गल्लीगल्लीत लाल झेंडे आणि अतातुर्कांची चित्रं होती. आम्हाला वाटलं त्याचंच काहीतरी असेल. सकाळी नाश्ता करून आम्ही लॉबीत आलो. आमच्याकडे धनत्रयोदशी. बाबा सकाळपासून गप्प होते. आई दर वर्षी धनत्रयोदशीला संध्याकाळी कणकेचा दिवा करून दक्षिणेकडे तोंड करून ठेवायची.

नऊला पाच मिनिटं कमी असताना कर्मचारी हळूहळू लॉबीत येऊन उभे राहायला लागले. स्वयंपाकघरातली पांढऱ्या कोटातली माणसं, सामान उचलणारी मुलं, रिसेप्शनवरच्या बाई. आणि ९:०५ ला बाहेर भोंगे वाजले. सगळ्या शहराचे भोंगे एकदम, खालून पाण्यावरून बोटींचेही. लॉबीतला प्रत्येक माणूस होता तिथे सरळ उभा. दारातून रस्ता दिसत होता. टॅक्सी थांबल्या होत्या, चालक बाहेर येऊन उभे होते. १९३८ साली याच दिवशी, याच वेळी अतातुर्क दोल्माबाहचे या राजवाड्यात वारले. तेव्हापासून दर वर्षी अख्खा देश असा थांबतो.

बाबांना काहीही माहीत नव्हतं. पण त्यांनी पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. भोंगे थांबले तरी ते क्षणभर तसेच उभे होते. लिफ्टजवळचा कालचाच मुलगा डोळे पुसत होता. बाबा त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती.

मग आम्ही १०१ पाहिली. गुलाबी भिंती, अतातुर्कांचा चष्मा, कपडे, पुस्तकं. त्या दिवशी रांग होती, शाळेची मुलंसुद्धा होती. आत एक रेशमी जायनमाज, म्हणजे नमाज पढायचं आसन आहे, भारतातल्या एका महाराजांनी अतातुर्कांना भेट दिलेला. त्यावर भरतकामात घड्याळ काढलंय आणि त्याचे काटे नऊ वाजून काही मिनिटांवर आहेत. मृत्यूच्या कितीतरी आधी दिलेली भेट, आणि वेळ ती. तिथे ही गोष्ट फार हळू आवाजात सांगतात. ज्यानं त्यानं काय मानायचं ते मानावं. आपल्याकडून गेलेली वस्तू इतक्या जिव्हाळ्यानं जपलेली पाहून मला बरं वाटलं.

मुग्धा_बॉस्फरस

वाचून अंगावर काटा आला. मी दर वर्षी ९:०५ ला फेरीबोटीवर असते, बोट समुद्रात थांबते. बाबा इथे पुन्हा आले तर माझ्याकडे उतरायचं. वरण-भात करून घालीन.

अजून एक. १९१८ च्या नोव्हेंबरात दोस्त राष्ट्रांच्या युद्धनौका इस्तंबूलच्या बंदरात शिरल्या, त्याच दिवशी मुस्तफा कमाल, म्हणजे पुढचे अतातुर्क, आघाडीवरून परतले आणि पेरा पॅलेसमध्ये उतरले. तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना आपल्या टेबलावर बोलावलं तेव्हा ते म्हणाले, इथे यजमान आम्ही आहोत, ते पाहुणे. त्यांनी आमच्या टेबलाशी यावं. इथल्या प्रत्येकाच्या तोंडी ही गोष्ट आहे.

फौजी_सातारा

मी निवृत्त आहे, लिहायची सवय नाही, पण मुग्धाताईंनी १९१८ काढलं म्हणून लिहितो.

इस्तंबूल ताब्यात घेणाऱ्या त्या ब्रिटिश फौजेत आपले हिंदी शिपाईही होते. शहराच्या आशियाकडच्या बाजूला हैदरपाशा इथे युद्धस्मशान आहे. तिथे १९१९ आणि १९२० मध्ये वारलेल्या १२२ हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. ते आधी दुसऱ्या दोन दफनभूमींत होते, त्यांची देखभाल होईना म्हणून १९६१ मध्ये इकडे आणलं. हिंदूंची रक्षा स्मारकाजवळ विखुरली आणि इतर धर्मांच्या जवानांना तिथे पुन्हा दफन केलं. मी २०१६ मध्ये गेलो होतो. समोर बॉस्फरसचं पाणी दिसतं. कुणाही भारतीयानं इस्तंबूलला गेल्यावर तासभर तिथे द्यावा. फूल न्यायला विसरू नका, आत मिळत नाही.

रानजाई

काका, हे मला माहीतच नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आधी कळलं असतं तर फेरीबोटीनं गेलो असतो. पुढच्या वेळी नक्की.

मुग्धा_बॉस्फरस

फौजी काका, मी त्या भागातून रोज जाते आणि आत कधी गेले नाही. या शनिवारी जाते. फूल घेऊन.

साधासरळ

सगळं छान आहे, भावना पोचल्या. पण एका रात्रीसाठी एवढे पैसे मला पटत नाहीत. ती लिफ्ट चहा पिऊनही बघता आली असती, तूच लिहिलं आहेस. त्याच पैशांत बाबांना अजून आठवडाभर ग्रीस फिरवता आलं असतं. मध्यमवर्गीय माणसानं हॉटेलात फक्त झोपायचं असतं, असं मी मानतो. राग मानू नये.

रानजाई

राग कसला. मी पण आयुष्यभर तेच मानत आले. शिर्डीला जा नाहीतर सिमल्याला, स्वच्छ चादर आणि गरम पाणी एवढंच विचारायचं.

पण इथे फरक पडला तो रात्री. जेवून आल्यावर साडेअकराला बाबा म्हणाले, चल जरा खाली. लॉबी रिकामी होती, दिवे मंद केलेले. पर्यटक नाहीत, फोटो नाहीत. बाबा जिन्याच्या पायरीवर बसले, लिफ्टच्या जाळीला टेकून, आणि तासभर मला कामाच्या गोष्टी सांगत राहिले. १९९३ च्या मार्चमधली एक रात्र, बॉम्बस्फोटांनंतरची, फोर्टमधल्या एका इमारतीत अडकलेल्या माणसांना हातानं मशीन फिरवून खाली आणलं ती. आईला लग्नानंतर पहिल्यांदा लिफ्टमध्ये बसवलं ती, रविवारी, वॉचमनला सांगून. ती घाबरली होती आणि त्यांचा शर्ट धरून ठेवला होता. हे मी सत्तेचाळीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. चहा पिऊन पाच वाजता निघालो असतो तर ऐकलं नसतं. त्या तासासाठी पैसे मोजले असं मी धरते.

कुंदा_जोशी

साधासरळ, मला तुमचंही पटतं आणि तिचंही. आम्ही चहाच पिऊ. पण ती जिन्याची गोष्ट माझ्या मनातून जाणार नाही.

साधासरळ

रानजाई, हे लेखात असतं तर मी तो प्रतिसाद लिहिलाच नसता. माझे वडील बेस्टमध्ये होते. त्यांना डेपोच्या गोष्टी विचारायच्या राहून गेल्या.

हेरंब_फोर्ट

बाबा फोर्टात काम करायचे म्हणता, तर त्यांना वॉटसन्स हॉटेल आठवत असणार. नव्या पिढीसाठी सांगतो: काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन ही ती इमारत. १८६० च्या दशकात तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, सुटे भाग बोटीनं आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचे चलच्चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथे. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये आयआयटीच्या तज्ज्ञांनी पाडायचा सल्ला दिला, वारसाप्रेमींनी विरोध केला.

पेरा पॅलेस आणि वॉटसन्स, तीस वर्षांच्या आतबाहेर बांधलेली ही दोन सौंदर्यं. एकीत आज पियानो वाजतो. दुसरीला आधाराचे खांब लावलेत. पेरा पॅलेसचेही मालक कितीदा बदलले, मध्ये ते सरकारच्या ताब्यातही गेलं होतं, पण प्रत्येक वेळी कुणीतरी ते हॉटेल म्हणूनच चालू ठेवलं. वॉटसन्सचं हॉटेलपण विसाव्या शतकात संपलं, आत खोल्या पाडून भाड्यानं दिल्या, आणि मग छत कुणी बघायचं हा प्रश्न कुणाचाच राहिला नाही. मला त्या इमारतीसमोरून जाताना मान वर करवत नाही.

रानजाई

हेरंबजी, बाबांना विचारलं. वॉटसन्सच्या आसपासच्या इमारतींत त्यांची कामं असायची. दुपारी डबा खायला ते तिथल्या जिन्याशी बसत. "खांबाला हात लावला की उन्हाळ्यात चटका बसायचा, इतकं ते लोखंड जिवंत होतं" असं म्हणाले. पेरा पॅलेसमध्ये जाळीला हात लावला तेव्हा आधी तेच आठवलं, हेही आजच कळलं मला.

शाकाहारी_पुणे

दोन व्यावहारिक प्रश्न. शाकाहारी माणसाचं काय? आणि माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, झेपेल का?

रानजाई

खाण्याची अजिबात काळजी नको. मसूर डाळीचं सूप, त्याला मेर्जिमेक चोर्बासी म्हणतात, कुठेही मिळतं आणि लिंबू पिळून अगदी घरचं लागतं. पण काही ठिकाणी मटणाचं पाणी घालतात, विचारून घ्या. सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव), गोझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी), ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या आहेतच. हॉटेलचा नाश्ता एवढा की बाबांना दुपारी भूक नव्हती.

गुडघ्यांसाठी: बेयोलूचे चढ वाईट आहेत. ट्युनेलनं वर या आणि तिथून सपाट रस्त्यानं हॉटेलकडे जा, खालून गलाताच्या पायऱ्यांनी चढू नका. नोव्हेंबरात पाऊस आणि गारठा असतो, फरशा निसरड्या होतात, पकड असलेले बूट हवेत.

यंत्रवेडा

एकच शेवटचं विचारतो. बाबांनी मशीन रूम बघायला मागितली का? मी असतो तर पाया पडलो असतो.

रानजाई

मागितली. निघायच्या दिवशी मी फोनवर तुर्कीत लिहून त्या मुलाला दाखवलं: माझे वडील छत्तीस वर्षं मुंबईत लिफ्टची देखभाल करत होते. त्यानं आत जाऊन मोठ्या साहेबांना विचारलं. परवानगी नाही, सुरक्षेचं कारण. बाबांना ते लगेच पटलं, ते म्हणाले मीही कुणाला वर येऊ दिलं नसतं.

पण मग त्या मुलानं आम्हाला थांबवलं. लिफ्ट खाली आणली, स्वतः बाहेर आला आणि बाबांना दाराकडे हात केला. बाबांनी आत जाऊन दार स्वतः ओढून लावलं. मी बाहेरच होते. त्यांनी कडी बसल्याचा आवाज ऐकला, पुन्हा उघडलं, अर्ध्यावर थांबवून पाहिलं, पुन्हा लावलं. मग खिशातून रुमाल काढून हँडल पुसलं, जसं ते चर्चगेटला प्रत्येक कामानंतर पुसायचे, आणि बाहेर आले.

घरी आल्यावर त्यांनी जुन्या वहीच्या मागच्या पानावर त्या लिफ्टचं चित्र काढलंय, मापांसकट, अंदाजे. आत बाकावर एक बाई बसलीय, नऊवारीतली.